पाठलागाचा आजार

पळवून पळवून दमलेल्या मेंढीला लागते तशी धाप एखादीला उभ्या जागी लागू लागली, की दक्षिण आफ्रिकेतील आफ्रिकान्सभाषक मेंढपाळ त्या व्याधीला ‘याखसिक्ते’, म्हणजे पाठलागाचा आजार, असे म्हणत. हा फुफ्फुसाचा कर्करोग असून त्याचे कारण एक रेट्रोव्हायरस आहे. आरएनएमधील आपला जनुकीय मजकूर डीएनएत उतरवून तो यजमान पेशीच्या जनुकसंचात कायमचा रोवणाऱ्या विषाणूंना हे नाव आहे. या विषाणूच्या आवरणातील प्रथिनच पेशींना बेसुमार विभाजनास प्रवृत्त करते.

त्याच्या प्रसाराचे मर्म तो कोणत्या पेशी निवडतो यात आहे. फुफ्फुसातील वायुकोशांना आतून ओलसर ठेवणाऱ्या स्रावी पेशींत तो वाढतो, आणि त्यांची गाठ झाली तरी स्राव थांबत नाही, त्यामुळे फुफ्फुस विषाणूंनी भरलेल्या द्रवाने जड होत जाते. अशा मेंढीचे मागचे पाय उचलून डोके खाली केले, तर नाकपुड्यांतून फेसाळ पाणी ओघळते. निदानाची ही जुनी रीत आधीच गुदमरणाऱ्या जनावराला इतकी क्लेशदायक आहे, की ती टाळलेलीच बरी. हाच द्रव श्वासाबरोबर तुषारांच्या रूपाने शेजारच्या मेंढीपर्यंत पोहोचतो, शिवाय आईच्या चिकातून आणि दुधातूनही कोकराला लागण होते. कोवळ्या वयात फुफ्फुसाच्या पेशी वेगाने विभागत असल्याने कोकरे विशेष सहज बळी पडतात.

लागण झालेल्या बहुतेक मेंढ्या मात्र वर्षानुवर्षे धडधाकट दिसतात आणि लक्षणे उमटण्याआधीच कळपातून विकल्या किंवा कापल्या जातात. रक्ततपासणीचाही फारसा आधार मिळत नाही, कारण याच विषाणूच्या प्राचीन नातेवाइकांच्या प्रती मेंढीच्या जनुकसंचात पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत, आणि त्यामुळे तिचे शरीर या आगंतुकाला आपलाच मानून त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे, म्हणजे रोगजंतूंना ओळखून रोखणारी प्रथिने, सहसा तयार करत नाही. लस नसण्यामागेही ही अडचण आहे.

स्कॉटलंडच्या रोझलिन संस्थेतील डॉली या क्लोन मेंढीला १४ फेब्रुवारी २००३ रोजी, वयाच्या सातव्या वर्षी, दयामरण द्यावे लागले ते याच आजारामुळे. क्लोनिंगवर त्याचा ठपका ठेवणे योग्य नव्हते; सुरक्षेसाठी तिला बंदिस्त जागेत ठेवले जाई आणि तिच्या कळपातील इतर मेंढ्याही याच रोगाने दगावल्या होत्या.

बंदिस्त गोठ्यांची किंमत आइसलंडने फार आधी मोजली. १९३३ मध्ये जर्मनीतील हाले येथून २० काराकुल मेंढ्या तेथे आणल्या गेल्या, वरकरणी निरोगी अशा. त्यांच्याबरोबर हा विषाणू आला आणि लांबलचक हिवाळ्यात दाटीने कोंडलेल्या स्थानिक मेंढ्यांत झपाट्याने पसरला. रोगी मेंढ्या वेचून काढण्याने भागेना, तेव्हा बाधित प्रदेशांतील कळपच्या कळप मारून तेथे रोगमुक्त भागातील मेंढ्या आणाव्या लागल्या, आणि १९५२ पर्यंत हा रोग त्या बेटावरून नाहीसा झाला.