काचेच्या नळीतली वीस मिनिटं

दिवाळीच्या आगेमागे परभणी जिल्ह्यातल्या मानवतच्या शिवारात कापसाची वेचणी जोरात असते. वाकून बोंडं वेचणाऱ्या बाईच्या पायाला घोणस डसली, की पहिली धाव गावातल्या सरकारी दवाखान्याकडे. तिथला तरुण डॉक्टर जखम बघतो आणि सिस्टरकडे कोरडी, स्वच्छ काचेची नळी मागतो. शिरेतलं दोनेक मिलिलिटर रक्त त्यात सोडून नळी स्टँडला उभी करतो आणि घड्याळ बघतो. ‘‘मावशी, घाबरू नका. वीस मिनिटं नळीला कुणी हात लावायचा नाही.’’

वीस मिनिटांनी तो नळी हळूच तिरकी करतो. रक्त जागेवर राहिलं, तर ते गोठलंय. पाण्यासारखं वाहिलं, तर विषानं रक्ताची गोठण्याची ताकद घालवलीय. मग वाट बघायची नाही. प्रतिविषाच्या बाटल्या फोडून सलाईन सुरू करायचं.

पुस्तकात ही तपासणी चार ओळींत संपते. पण रक्त किती ‘वाहिलं’ म्हणजे वाहिलं, हे एकदा कुणीतरी शेजारी उभं राहून दाखवावं लागतं. ते दाखवण्याची जागा म्हणजे वैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना.

मराठवाड्यात अशी पहिली जागा १९५६ साली औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरला, उभी राहिली. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला मराठवाडा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ पासून आणि केईएमच्या आवारातलं जी. एस. मेडिकल १९२६ पासून डॉक्टर घडवत होतं. आपल्या भागाला शंभराहून अधिक वर्षं थांबावं लागलं. औरंगाबादच्या या दवाखान्याचं लांबलचक सरकारी नाव कुणी घेत नाही. सगळे म्हणतात ‘घाटी’. ‘घाटीला हलवलं’ एवढं ऐकलं, की दुखणं मोठं आहे हे गावाला कळतं. पुढे १९७० च्या दशकात अंबाजोगाईला ग्रामीण भागातलं महाविद्यालय निघालं आणि १९८८ साली नांदेडला.

घाटीत आज अकराशेहून अधिक खाटा आहेत. पण मोठा दवाखाना खाटांनी मोठा होत नाही, तिथल्या उतरंडीनं होतो. प्रत्येक विभागाची युनिटं असतात आणि प्रत्येक युनिटचा ओपीडीचा वार ठरलेला असतो. त्या दिवशी येणारे अत्यवस्थ रुग्णही त्याच युनिटचे. सकाळी राऊंड निघतो: पुढे प्राध्यापक, मागे सहायक प्राध्यापक, निवासी डॉक्टर, इंटर्न आणि सगळ्यात शेवटी वह्या सावरत विद्यार्थी.

सर्पदंशाच्या रुग्णाच्या खाटेशी हा घोळका थांबतो. रात्रभर जागलेला निवासी डॉक्टर माहिती देतो: किती बाटल्या गेल्या, सहा तासांनी नळीची तपासणी पुन्हा केली तेव्हा काय दिसलं. प्राध्यापक मात्र खाली वाकून लघवीच्या पिशवीवरचा आकडा बघतात. घोणसीचं विष मूत्रपिंडालाही बाधतं. लघवी घटली, तर डायलिसिसची तयारी आत्ताच हवी. शेवटच्या रांगेतली मुलगी तो आकडा वहीत टिपून घेते. बाईवर उपचार होतात आणि मुलगी शिकते, दोन्ही त्याच खाटेशी.

हे विसरता कामा नये. डॉक्टर घडतो तो गरिबाच्या शरीरावर शिकून. पैसेवाला खाजगी खोलीत जातो. दहा विद्यार्थ्यांना आपलं पोट चाचपू देतो तो शेतमजूर, ऊसतोड कामगार, बांधकामावरची बाई. केसपेपरची रांग, भरलेले वॉर्ड, जमिनीवर पथारी टाकून बसलेले नातेवाईक हे सगळं सोसून ही माणसं शिकवायचं काम करतात. त्यांच्या नावापुढे पदवी लागत नाही, पण ती गुरूच आहेत. म्हणून त्यांच्याशी बोलताना आवाज चढू नये, तपासण्याआधी पडदा ओढावा आणि परवानगी विचारावी, हा शिष्टाचार नव्हे, गुरुदक्षिणेचा पहिला हप्ता आहे.

उरलेली दक्षिणा गावाकडे यायला हवी. मानवतसारख्या तालुक्याला मोठा दवाखाना दोन वाटांनी भेटतो. एक वाट इथून जाते: मानवतहून परभणी, तिथं भागलं नाही तर नांदेड किंवा घाटी. दुसरी वाट तिकडून येते: तिथं शिकलेला हात इथल्या ग्रामीण रुग्णालयात रुजू होतो. पहिल्या वाटेवरच्या अँब्युलन्सची आपण मोजदाद करतो. दुसरी वाट रिकामी राहिली, तर फारसं कुणी विचारत नाही. खरं तर दुसरी जितकी वाहती, तितकी पहिलीवरची गर्दी कमी.

आता परभणीलाही, मानवतपासून तासाभराच्या आत, वैद्यकीय महाविद्यालय आलंय. जिल्ह्यानं त्यासाठी आंदोलनं केली, आणि २०२३ साली शंभर विद्यार्थ्यांची पहिली तुकडी दाखल झाली. आताच्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षापासूनच विद्यार्थ्याला खेड्यातली काही कुटुंबं दत्तक घ्यावी लागतात, त्यांच्या घरी जाऊन तब्येतीची विचारपूस करावी लागते. म्हणजे वॉर्डात येण्याआधीच त्याला कळावं, की मावशी उसवलेली चप्पल घालून कापसात का उतरते.

ते ज्याला ठाऊक आहे, तो वीस मिनिटं नुसता घड्याळाकडे बघत बसणार नाही. नळी उभी करून तो मावशीच्या शेजारी स्टूल ओढेल आणि विचारेल, ‘‘घरी कोण कोण असतं?’’