न्यूट्रलची फसवी बचत

घाटाचा उतार लागला की गाडी न्यूट्रलवर टाकायची, म्हणजे पेट्रोल वाचते, हा समज आपल्याकडे घट्ट रुजला आहे. कार्ब्युरेटरच्या काळात त्याला आधार होता. गिअरमध्ये उतरताना वेगाने फिरणारे इंजिन पेट्रोल ओढत राही. न्यूट्रलवर ते मंद फिरे आणि कमी पी. 2000च्या सुमारास प्रदूषणाचे नियम कडक झाले, इंजेक्शनची इंजिने रूढ झाली आणि हे गणित उलटले. आता गाडी गिअरमध्ये असताना अॅक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढला की संगणक इंजेक्टरच बंद करतो. चाके इंजिनाला फिरवतात आणि इंधन लागत नाही. न्यूट्रलवर मात्र इंजिन बंद पडू नये म्हणून तासाला साधारण अर्धा ते एक लिटर पेट्रोल जळतच राहते.

खरे नुकसान ब्रेकचे होते. लोणावळ्याहून खोपोलीला येताना गाडी सुमारे 500 मीटर खाली उतरते. 1000 किलोच्या गाडीत त्या उंचीमुळे साठलेली ऊर्जा 14 लिटर पाण्याला उकळी आणण्याइतकी असते. तिचा काही भाग हवा आणि टायर खातात. उरलेला गिअरमध्ये इंजिन झेलते, न्यूट्रलवर तो सगळा ब्रेकवर येतो. पॅड आणि डिस्क तापून पकड कमी होते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. डॉट 3 प्रतीचे नवे ऑइल किमान 205 अंशांपर्यंत टिकते, ओलावा मुरल्यावर ही मर्यादा 140वर येऊ शकते. ते उकळले की वाफ होते आणि पेडल दाबूनही ब्रेक लागत नाही. इंजिनच बंद केले, तर ब्रेकची आणि स्टिअरिंगची मदतही जाते.

गिअरमध्ये उतरल्याने इंजिन झिजेल, ही भीती अनाठायी आहे. फेरे लाल रेषेच्या आत असतील तर ऑइल पंप वंगण पुरवत राहतो. सौम्य उतारावर न्यूट्रलमध्ये गाडी लांबवर घरंगळते, हा आक्षेप मात्र खरा आहे. पण त्यातून काही मिलिलिटर वाचतात आणि अचानक वेग आवरायची वेळ आली तर इंजिनाची साथ नसते. अॅव्हरेज वाढवायचे तर वेग आवरा: ताशी 80ऐवजी 100ने गेल्यास हवेचा विरोध दीडपटीहून जास्त होतो. टायरमधली हवा नियमित तपासा, पुढचा सिग्नल लाल दिसताच अॅक्सिलरेटर सोडा. आणि घाट ज्या गिअरमध्ये चढलात, त्याच गिअरमध्ये उतरा.