मुक्कामाची वीज आणि गाडीतील दुसरी बॅटरी



वसंत व्याख्यानमालेत संतवाङ्मय शोभते, इतिहास शोभतो. पण बॅटरी कशी शोभणार, अशी शंका काहींच्या मनात आली असेल. इतर गावी ती रास्त ठरेल, वर्ध्यात मात्र ती येऊ नये. १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, मगनवाडीत त्याचे कार्य सुरू झाले, आणि तेथील खटपटीतून रॉकेलऐवजी घाण्याच्या तेलावर जळणारा ‘मगनदीप’ तयार झाला. रात्रीचा दिवा कशावर पेटतो आणि ते इंधन कोणाच्या हाती असते, हा प्रश्न आपल्या गावाला जुनाच आहे. दिवा बदलला, एवढेच.

आज उघड्यावर रात्र काढणाऱ्या माणसाजवळ पुष्कळदा पिकअप गाडी असते. कारंजाकडची संत्री बाजाराला नेणारा गाडीतच निजतो. रानडुकरांच्या भीतीने शेतावर जागल करणारा धुऱ्याशी गाडी उभी करतो. कौंडण्यपूरची पालखी आषाढीला पंढरपूरला निघते, तेव्हा दिंडीच्या मागेपुढे सामानाची गाडी लागते. अलीकडे हौसेने रानात तंबू ठोकणारी मंडळीही या यादीत आली आहेत. या सर्वांना दोन-तीन दिवे, एखादा पंखा आणि मोबाईल भारून घेण्याची सोय, एवढे हवे असते. गाडीत बॅटरी असतेच. मग तिच्यावरच दिवे लावले तर काय बिघडले? रात्री काहीच बिघडत नाही. बिघडते ते पहाटे. किल्ली फिरवावी, सेल्फने नुसती ‘टक्’ करावी आणि इंजिन ढिम्म हलू नये! जुन्या डिझेल गाडीला चार माणसे धक्का तरी मारीत. नव्या गाड्यांत इंधन पुरवण्याचे कामही विजेच्या हुकमावर चालते; बॅटरी पार उतरली तर धक्क्याचाही उपयोग होत नाही. अशा वेळी शेतावर कोणाला विंचू चावला असेल, तर ही केवळ गैरसोय राहत नाही.

असे का होते, हे पाहण्यासाठी थोडा हिशेब करू. इंजिन फिरवताना सेल्फ दोनशे अँपिअर किंवा त्याहूनही अधिक प्रवाह ओढतो. परंतु तो दोन-तीन सेकंदच. दोनशे अँपिअर तीन सेकंद, म्हणजे एका अँपिअर-तासाचा फक्त सहावा हिस्सा. उलट दहा वॅटचा साधा दिवा तासाभरात याच्या पाचपट वीज घेतो. म्हणजे गाडी सुरू करायला वीज फार लागत नाही. ती एकदम लागते. बॅटरीच्या अंगी त्या क्षणी जोर पाहिजे, आणि रात्रभर दिवे जळून गेले की साठा थोडा उरला तरी तो जोर उरत नाही.

बॅटरीच्या पोटात काय आहे ते पाहिले म्हणजे हे अधिक उलगडेल. शिशाच्या पट्ट्या गंधकाम्लात बुडवून वीज साठवण्याची युक्ती फ्रान्समधील गॅस्तों प्लान्ते याने १८५९ साली काढली, आणि मूळ तत्त्व आजही तेच आहे. एक पट्टी शिशाची, दुसरी शिशाच्या ऑक्साइडची. अशा एका घरातून दोन व्होल्ट दाब मिळतो, सहा घरे जोडून बारा. वीज काढू लागलो की दोन्ही पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट जमते आणि आम्ल पातळ होत जाते. उलट वीज भरली की सल्फेट पुन्हा विरघळते. मात्र बॅटरी उतरलेल्या स्थितीत पडून राहिली, तर सल्फेटाचे खडे घट्ट होतात आणि मग ते विरघळत नाहीत. सल्फेट चढले, असे मिस्त्री म्हणतो ते हेच.

सेल्फच्या बॅटरीत पातळ पट्ट्या पुष्कळ असतात; आम्लाशी संबंध मोठ्या पृष्ठभागाचा, म्हणून प्रवाह एकदम सुटतो. पण पातळ पट्टी वारंवार तळापर्यंत उतरवली की झिजून गळू लागते. घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत पट्ट्या जाड असतात. तिला झटका जमत नाही, दम मात्र असतो. आपल्या भागातील लोकांना हे समजावून देणे सोपे आहे: एक शंकरपटाची जोडी आणि दुसरी वखराची. आर्वीकडचा गवळाऊ बैल दोन्ही कामे करील, पण पटाच्या आदल्या दिवशी शहाणा माणूस त्याला वखराला जुंपणार नाही.

दुसरी बॅटरी बसवायची ती यासाठी. लोक समजतात की दोन बॅटऱ्या म्हणजे दुप्पट वीज. दोन बॅटऱ्या नुसत्या तारांनी कायमच्या जोडल्या तर रात्री दोन्ही उतरतात, आणि खर्च करून आपण पहिल्याच जागी येतो. खरा लाभ त्यांना वेगळे ठेवण्यात आहे. इंजिन चालू असताना दोन्ही भरल्या जाव्यात, बंद होताच त्यांचा संबंध तुटावा. दिवे काय ते दुसरीवर जळावेत, पहिलीला हात लागू नये.

हे काम रिले करतो. भरलेली बॅटरी स्वस्थ असताना तिचा दाब १२.६ ते १२.७ व्होल्ट असतो. इंजिन चालू होऊन अल्टरनेटर, म्हणजे जुन्या मंडळींचा डायनॅमो, फिरू लागला की दाब चौदाच्या घरात जातो. हा फरक ओळखणारा रिले मिळतो: साधारण १३.३ व्होल्टच्या वर तो दोन्ही बॅटऱ्या जोडतो, १२.८ च्या आसपास तोडतो. माणसाने बटण दाबायचे झाले तर तो एखाद्या दिवशी विसरणारच, म्हणून आपोआप चालणारा रिलेच घ्यावा. काही नव्या गाड्यांचा अल्टरनेटर मात्र इंधन वाचवण्यासाठी मधूनमधून दाब उतरवतो. तेथे असा रिले गोंधळतो. त्या गाड्यांत, तसेच दुसरी बॅटरी लिथियमची असेल तर, दोहोंच्या मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर बसवावा. लिथियमची बॅटरी वीज फार हावरेपणाने ओढते. नुसत्या रिलेने जोडल्यास अल्टरनेटर तापतो.

बॅटरी केवढी घ्यावी, हे दुकानदाराला विचारण्यापूर्वी घरी कागदावर मांडावे. दहा वॅटचे तीन दिवे सहा तास म्हणजे १८० वॅट-तास. बारा व्होल्टचा वीस वॅटचा पंखा आठ तास, १६०. चार मोबाईल, अदमासे ६०. बेरीज ४००, बाराने भागता ३३ अँपिअर-तास. शिशाची बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, म्हणून ती ७० ते ७५ ची हवी. लिथियम आयर्न फॉस्फेटची पन्नासची पुरते. वजनही निम्म्याहून कमी, किंमत मात्र जास्त. कूलर किंवा भजनाचा मोठा भोंगा जोडायचा असेल तर हा हिशेब कोसळतो, हे आधीच ध्यानात घ्यावे.

आता तारेकडे वळतो. बहुतेक कामे येथेच फसतात. पुढच्या बॅटरीपासून मागच्या हौद्यापर्यंत पाच मीटर अंतर धरा. जाऊन येऊन दहा मीटर तांबे. घरातील प्लगला वापरतात ती अडीच चौरस मिलिमीटरची तार घेऊन तीतून ३० अँपिअर न्यायचे म्हटले, तर वाटेतच दोन व्होल्ट गळतात. चौदा निघाले, बारा पोहोचले. बाराने बॅटरी कधीच भरत नाही. सोळा चौरस मिलिमीटरच्या तारेत गळती जेमतेम तीन दशांश व्होल्ट. ‘बॅटरी खराब निघाली’ या तक्रारीमागे पुष्कळदा बारीक तार असते.

याहून गंभीर गोष्ट फ्यूजची. बारा व्होल्टचा झटका माणसाला बसत नाही, म्हणून लोक निर्धास्त असतात. परंतु ही तार लोखंडी पत्र्याला घासून सोलली तर तीतून शेकडो अँपिअर वाहतात, तार लाल होते आणि वरचे रबर पेटते. गाडी जळण्यास एवढे पुरते, आणि आत माणूस निजलेला असतो. म्हणून दोन्ही बॅटऱ्यांच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आत एकेक फ्यूज हवाच. दोन का? तारेच्या दोन्ही टोकांना विजेचा साठा आहे. एकीकडचा फ्यूज उडाला तरी दुसरीकडून प्रवाह चालूच राहतो. पत्र्यातून तार जाते तेथे रबरी कडी घालावी. काम करताना ऋण टोक आधी सोडावे आणि शेवटी जोडावे, म्हणजे पाना गाडीच्या अंगाला लागला तरी ठिणगी पडत नाही. गराजवाल्याने दोन फ्यूजचा आग्रह हसण्यावारी नेला, तर गराज बदलावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

बॅटरी ठेवायची कोठे? निजण्याच्या जागी नव्हे. शिशाची बॅटरी भरताना हायड्रोजन सुटतो. हवेत त्याचे प्रमाण चार टक्के झाले की ठिणगीने भडका उडतो. हौद्यात, वारा खेळेल अशा पेटीत ती पट्टीने घट्ट आवळावी. वीस किलोचे हे ओझे खड्ड्यात उसळता कामा नये. आणि आपला उन्हाळा! पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो त्या दिवसांत बॅटरीचे पाणी झपाट्याने आटते. तापमान दहा अंशांनी वाढले की तिचे आयुष्य सुमारे निम्म्यावर येते. मार्चपासून दर पंधरवड्याला झाकणे उघडून पाहावे आणि डिस्टिल्ड वॉटरच घालावे, नळाचे नव्हे.

शेवटचा मुद्दा भरण्याचा. वर्ध्याहून आठ किलोमीटरवरच्या सेवाग्रामला जाऊन आले की रात्रीची भरपाई झाली, असे कोणी समजू नये; एवढ्या वेळात पाच-सात अँपिअर-तास परत आले तरी पुष्कळ. दिंडीच्या गाडीची अडचण तर मोठीच. ती दिवसाकाठी थोडेसे अंतर जाते आणि उरलेला वेळ उभी असते, तेव्हा अल्टरनेटरवर भिस्त ठेवता येत नाही. टपावर शंभर वॅटचे सौर पॅनेल असल्यास स्वच्छ उन्हात दिवसाला ४०० वॅट-तासांच्या आसपास मिळते, म्हणजे वर मांडलेली रात्र निघते. पण आषाढात आभाळ भरलेले असते. म्हणून मुक्कामाच्या शाळेत किंवा देवळात वीज असेल तेथे लावण्यासाठी घरगुती चार्जर बरोबर ठेवावा.

सगळे बसवून झाले की पहिली परीक्षा रानात नव्हे, आपल्या दारात घ्यावी. संध्याकाळी इंजिन बंद करून सगळे दिवे व पंखा लावावा आणि निजावे. सकाळी मीटरने दोन्ही बॅटऱ्या मोजाव्यात. दुसरीचा दाब १२.२ पर्यंत उतरलेला दिसला तरी चिंता नाही. पहिली मात्र १२.६ वर असली पाहिजे. तीही उतरली असेल, तर रिले चुकीचा जोडला आहे किंवा एखादा दिवा पहिलीवरच राहिला आहे. तो सापडेपर्यंत गाडी मुक्कामाला नेऊ नये.