द्वारका चौकात पायी चालणाऱ्याचाही विचार व्हावा

नाशिकच्या द्वारका चौकात मुंबई-आग्रा महामार्ग व पुणे रस्ता एकत्र येतात. २०१३ साली उड्डाणपूल सुरू झाला, बाहेरगावची वाहने वरून जाऊ लागली. पण पुणे रस्त्याकडे वळणाऱ्या ट्रक-मोटारींची कोंडी खालीच राहिली. पादचाऱ्यांसाठी बांधलेला भुयारी मार्गही ओस पडला. डोक्यावर ओझे असलेला माणूस पायऱ्या उतरत-चढत बसत नाही.

हिशेब साधा आहे. २० मीटर रस्ता ओलांडायला धडधाकट माणसाला १७ सेकंद लागतात, म्हाताऱ्या आजीला २५. सिग्नलची वेळ आजीच्या पावलांनी ठरवावी. रस्त्याच्या मधोमध थांबण्यापुरता ओटा असावा. रिक्षा-बसचे थांबे कोपऱ्यापासून दूर न्यावेत. वळताना ट्रकची मागची चाके आत घुसतात व डावीकडचा माणूस चालकाला दिसत नाही. म्हणून मुलांना कोपऱ्याच्या कडेला उभे राहू देऊ नये.

८ ऑक्टोबर २०२२ रोजी औरंगाबाद रस्त्यावरील मिरची चौकात ट्रकशी धडकून बस पेटली, १२ जीव गेले. द्वारकेला तशी वेळ येण्याची वाट पाहू नये. वस्तीवस्तीतून सह्या गोळा करून महापालिकेला व वाहतूक पोलिसांना निवेदन द्यावे आणि त्याची पोच जपून ठेवावी, अशी आमची कळकळीची विनंती आहे.