बोललेलें आणि पोंचलेलें

नागपूरच्या पूर्व भागांत कळमना येथें धान्य, मिरची व फळें यांचा मोठा बाजार आहे. शेतकरी, अडते, खरेदीदार, मापारी आणि हमाल हे सारे तेथें एकाच कामाचे भागीदार. परंतु कोणी मराठी बोलतो, कोणी हिंदी. त्यांत गलबला मोठा. अशा ठिकाणीं शब्द तोंडून निघाला म्हणजे तो ऐकणाऱ्याच्या मनांत पोंचलाच, असें मानणें धोक्याचें असतें.

पहिला अडथळा साध्या शब्दांतच दडलेला असतो. हिंदींतील ‘कल’ हा शब्द होऊन गेलेल्या दिवसासही लागतो व येणाऱ्या दिवसासही. ‘कल का माल अलग रखो’ असें म्हटल्यास हमालानें कोणता ढीग वेगळा करावा? वार सांगितला कीं घोटाळा मिटतो. आंकड्यांचेंही तसेंच. ‘सदुसष्ट’ आणि ‘अडुसष्ट’ हे शब्द गोंगाटांत सारखेच ऐकूं येतात. ‘सहा-सात’, ‘सहा-आठ’ असे अंक सुटे उच्चारावे. पूर्वीं ‘मण’ हें मापही गांवोगांवीं निरनिराळें असे. १९५६ च्या कायद्यानें दशमान वजनें आलीं आणि शंभर किलोंचा क्विंटल सर्वांस सारखा झाला.

दुसरा अडथळा मुद्दाम उभारलेला असतो. रुमालाखालीं बोटें दाबून भाव ठरविण्याची रीत देशांतील अनेक बाजारांत होती. दलाल व खरेदीदार यांस भाव कळे. मालाचा धनी मात्र शेजारीं उभा राहूनही अजाण राही. वऱ्हाडांत बाजारांचें नियमन करणारा कायदा १८९७ सालींच झाला. पुढें महाराष्ट्रांत १९६३ चा बाजार समित्यांचा कायदा आला व उघड लिलावाची पद्धत रूढ झाली. शेतकऱ्याच्या वर्षभराच्या श्रमांचें मोल सर्वांदेखत पुकारलें जावें, हा तिचा अर्थ.

तिसरा अडथळा भिडेचा, आणि तोच सर्वांत चिवट. मुकादमानें ‘समजलें ना?’ असें विचारतांच नवखा मजूर ‘होय’ म्हणतो. ‘नाहीं’ म्हटल्यास अडाणी ठरण्याची त्यास भीति वाटते. म्हणून ‘आतां प्रथम काय कराल?’ असें विचारावें. उत्तरांतच चूक उघडी पडते, आणि माल हलण्यापूर्वीं ती सुधारतां येते.

रेल्वेनें हें तत्त्व नियमांतच गोंविलें आहे. पुष्कळ फाटकांवर असा परिपाठ आहे कीं, फाटक बंद केल्यावर फाटकवाला स्टेशनमास्तरास दूरध्वनीवरून एक गुप्त अंक सांगतो. तो अंक नोंदविल्यावांचून गाडी पुढें सोडीत नाहींत. नुसत्या ‘हो’वर तेथें कोणाचा जीव सोंपविला जात नाहीं.

निरोप पुरा झाला कीं नाहीं, हें बोलणाऱ्यानें ठरवावयाचें नसतें; ऐकणाऱ्यानें तो आपल्या शब्दांत परत सांगितला म्हणजेच तो पुरा होतो.