इंजिनाची ठोक आणि व्यापाऱ्याचा शब्द

मोटार मेकॅनिकच्या कानाला काही आवाज लगेच कळतात. टॅपेटची टिकटिक वेगळी, पट्ट्याची किंचाळी वेगळी आणि इंजिनाच्या पोटातून येणारी बिग एंडची ठोक वेगळी. हा शेवटचा आवाज ऐकला की अनुभवी मिस्त्री गाडी तिथेच बंद करायला सांगतो. पुढे चालवली तर इंजिन जाम होणार, हे त्याला ठाऊक असते.

अमेरिकेत ह्युंदाई कंपनीच्या सोनाटा या मध्यम आकाराच्या मोटारीच्या मालकांना हाच आवाज ऐकावा लागला. या गाडीचे २०११ आणि २०१२ सालचे मॉडेल तेथे चांगले खपले होते. त्यात २ लिटर आणि २.४ लिटरची, थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल सोडणारी इंजिने होती. आधी ठोक, मग तेलाचा लाल दिवा आणि शेवटी हमरस्त्यावर वेगात असताना गाडी बंद, अशा तक्रारी येऊ लागल्या. अखेर सप्टेंबर २०१५ मध्ये कंपनीने सुमारे ४ लाख ७० हजार सोनाटा तपासणीसाठी परत बोलावल्या. मार्च २०१७ मध्ये ह्युंदाईच्या आणखी सुमारे ५ लाख ७२ हजार आणि तिच्या भगिनी कंपनीच्या, म्हणजे कियाच्या, सुमारे ६ लाख १८ हजार गाड्यांची त्यात भर पडली.

चूक कुठे राहिली?

हा भाग लेथ आणि ग्राइंडिंगचे काम करणाऱ्या आपल्या कारागीर बंधूंनी मुद्दाम वाचावा. क्रँकशाफ्टच्या आत तेल जाण्यासाठी बारीक भोके पाडलेली असतात. पंपाने दाबलेले तेल या वाटेने कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगपर्यंत पोहोचते. क्रँकपिन आणि बेअरिंग यांच्यामध्ये तेलाचा पातळ थर असतो आणि या थरावरच सगळा भार तोलला जातो. तो तुटला की धातूला धातू घासतो.

अलाबामा राज्यातील मॉन्टगोमेरीच्या कारखान्यात क्रँकशाफ्ट यंत्रावर घडवताना निघालेला धातूचा कीस तेलाच्या वाटेतून पूर्णपणे निघाला नव्हता. हे कंपनीनेच सरकारला कळवले. त्या कणांनी तेलाची वाट अडली, बेअरिंग झिजले, फट वाढली आणि ठोक सुरू झाली. डिझाइन कागदावर कितीही उत्तम असो, साफसफाईची एक पायरी कच्ची राहिली की लाखो गाड्यांना त्याची किंमत मोजावी लागते.

एका इंजिनिअरची साक्ष

याच कंपनीत दक्षिण कोरियात वीस वर्षांहून अधिक काळ नोकरी केलेले इंजिनिअर किम ग्वांग-हो २०१६ च्या ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनला गेले. इंजिनातील दोषावर कंपनी पुरेशी कारवाई करीत नाही, असे सांगून त्यांनी आपल्याकडील कागद अमेरिकेच्या वाहन सुरक्षा खात्यापुढे ठेवले. त्याच वर्षी त्यांची नोकरी गेली. पण चौकशी थांबली नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये दोन्ही कंपन्यांशी झालेल्या तडजोडीत दंड, सुरक्षेवरील सक्तीचा खर्च आणि पुढे ढकललेली रक्कम मिळून आकडा २१ कोटी डॉलरवर गेला. पुढच्या वर्षी किम यांना २ कोटी ४० लाख डॉलरहून अधिक बक्षीस मिळाले.

मालकांनी कोर्टात लावलेल्या सामुदायिक दाव्यातून त्यांना हाफ इंजिनावर आजीवन वॉरंटी मिळाली. शिवाय ठोक सुरू होताच ती ओळखून चालकाला सावध करणारी व्यवस्था गाड्यांत विनामूल्य बसवण्यात आली. मात्र गाडीच्या देखभालीकडे मालकाने अगदीच दुर्लक्ष केले असेल, तर ही वॉरंटी लागू होत नाही. म्हणजे तेल बदलल्याच्या पावत्या ज्याने जपल्या, त्याची बाजू भक्कम राहिली. व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद आपल्याला सूरह बकरामध्ये उधारीच्या संदर्भात मिळालेली आहे. ही सवय गाडीच्या वहीलाही लावली तर नुकसान कुणाचेच नाही.

आपल्या गॅरेजसाठी

आपल्याकडे क्रँक घासून, बोअर करून इंजिन पुन्हा उभे करण्याचे काम गावोगाव चालते. तेथे पुढील गोष्टी पाळाव्यात.

घासलेला क्रँक वरून पुसून लगेच बसवू नये. तेलाच्या प्रत्येक भोकात ब्रश घालावा, सॉल्व्हंटने धुवावे आणि हवेच्या दाबाने झाडावे. भोकांच्या तोंडाशी राहिलेली धार मोडावी. ब्लॉकमधील तेलाच्या वाटाही अशाच साफ कराव्यात.

ठोक कोणत्या सिलिंडरची हे पाहण्यासाठी एकेका सिलिंडरचा स्पार्क बंद करून ऐकावे. ज्याचा स्पार्क तोडल्यावर आवाज कमी होतो, तिथे रॉडच्या बेअरिंगचा संशय धरावा.

जुना ऑइल फिल्टर कापून उघडावा. कागदाच्या घडीत चकाकणारे कण दिसले तर त्यावर लोहचुंबक फिरवावे. चिकटणारे कण पोलादाचे असतात. न चिकटणारे बहुधा बेअरिंगच्या मऊ धातूचे असतात. ही तपासणी काही मिनिटांची आहे, पण गिऱ्हाइकाचे अख्खे इंजिन वाचवू शकते.

थेट इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांत आणखी एक दुखणे असते. पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हवरून जात नसल्यामुळे ते धुतले जात नाहीत आणि त्यांच्यावर काजळी साचते. थंड इंजिन थरथरत असेल तर हेही तपासावे. गाडी तेल खात असेल, तर पुढच्या सर्व्हिसिंगची वाट न पाहता मालकाला अधूनमधून डिपस्टिक बघायला सांगावे.

जुनी गाडी विकताना

जुन्या गाड्यांच्या बाजारात एक युक्ती सर्वांना माहीत आहे. बेअरिंग वाजत असेल तर इंजिनात जाड तेल घालायचे, गाडी आधीच गरम करून ठेवायची आणि गिऱ्हाइकाला एक फेरी मारून आणायची. आवाज दबतो, झीज मात्र तशीच राहते. घेणाऱ्याने म्हणूनच आधी बॉनेटवर हात ठेवावा. ते गरम लागले तर इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे आणि मगच स्वतः चालू करावे.

विकणाऱ्याची जबाबदारी याहून मोठी आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मदीनेच्या बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, आत ओल लागली आणि त्यांनी व्यापाऱ्याला जाब विचारला. हा प्रसंग आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. जाड तेलाखाली लपवलेली ठोक आणि कोरड्या धान्याखाली लपवलेली ओल यांत फरक तो काय? टॅक्सी चालवून घर चालवणाऱ्याने कर्ज काढून अशी गाडी घेतली, तर महिन्याभरात त्याचे उत्पन्न थांबते आणि हप्ता चालूच राहतो.

कायद्याचाही आधार आता आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ११० अ आले आणि सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश उत्पादकाला देण्याचा अधिकार सरकारला मिळाला. दंडाचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले असून दंड १० लाखांपासून १ कोटी रुपयांपर्यंत आहे. एकाच मॉडेलच्या अनेक गाड्यांत एकच दोष आढळला, तर गॅरेजवाल्याने गिऱ्हाइकाला तक्रार नोंदवायला सांगावे आणि काढलेला भाग जपून ठेवायला द्यावा.

सोनाटाच्या प्रकरणात कीस काढण्याचे एक काम कच्चे राहिले आणि पुढे ते बोलून दाखवायला एका माणसाला आपली नोकरी गमवावी लागली. आपल्या दुकानात तेच बोलायला फक्त एका गिऱ्हाइकाची नाराजी सोसावी लागते. "इंजिन वाजते आहे, एवढा खर्च येईल, आणि म्हणून किंमत एवढी कमी," हे वाक्य सौदा होण्यापूर्वी उच्चारावे. सौदा मोडला तरी चालेल. तोच गिऱ्हाईक पुढची गाडी दाखवायला तुमच्याकडेच येईल.