कसलेला ड्रायव्हर पुन्हा शिकाऊ होतो तेव्हा

फौजेत मी जीपला सरावलो होतो. पहिल्यांदा भरलेला शक्तिमान ट्रक घाटातून उतरवला, तेव्हा कळलं, जीपचा हात इथे चालत नाही. अमेरिकेतल्या नासकार शर्यतीत उतरणाऱ्या फॉर्म्युला वन आणि इंडीकारच्या ड्रायव्हरांचं असंच होतं.

2006 च्या सुमाराची फॉर्म्युला वनची गाडी ड्रायव्हरसकट साधारण 600 किलोंची. चाकं उघडी, पंखांवरून जाणारी हवा तिला रस्त्यावर दाबून धरते. नासकारची गाडी दीड टनाच्या घरातली, पकड कमी, वळणावर मागून घसरणारी. चाकं झाकलेली, म्हणून धक्काबुक्कीही चालते.

हुआन पाब्लो मोंतोया 2000 मध्ये इंडियानापोलिस 500 जिंकला, 2003 मध्ये मोनॅको. नासकारच्या मुख्य मालिकेत त्याला दोनच विजय मिळाले, 2007 आणि 2010 मध्ये. दोन्ही डाव्या-उजव्या वळणांच्या ट्रॅकवर. लंबगोल ट्रॅकवर एकही नाही. डारिओ फ्रँकिटी 2008 मध्ये आला. घोटा मोडला, प्रायोजक मिळाला नाही, गाडी बंद पडली. परत जाऊन तो सलग तीन वर्षं इंडीकारचा विजेता ठरला.

याउलट टोनी स्टुअर्ट. इंडी रेसिंग लीग जिंकून तो इकडे आला आणि 2002, 2005, 2011 मध्ये विजेता झाला. कारण तो मातीच्या लंबगोल ट्रॅकवर घसरत्या गाड्या चालवतच मोठा झाला होता.

म्हणजे कौशल्य कमी पडत नाही, जुनी सवय आड येते. नव्या कामात शिरताना हुद्दा गेटवरच ठेवावा, हे मी ट्रकवर शिकलो. जय हिंद.